बेटावरचं पाणी

मुलाने पिशवीतून बाटली काढली तशी आई खाटेवर उठून बसायला लागली. मांडीत सळई घातल्यापासून तिला असं आपणहून उठताना वॉर्डने पाहिलं नव्हतं.

"आणलंस?"

"आणलं. आपल्या विहिरीचंच आहे."

तीन महिने ती हेच मागत होती. समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या त्या चिंचोळ्या पट्टीला ती कधी बेट म्हणायची नाही, 'आमच्याकडे' म्हणायची. आमच्याकडे जेटी लोकांनी बांधली, सरकारने नव्हे. आमच्याकडे शाळेला कुलूप नसतं. आणि आमच्या विहिरीचं पाणी एकदा प्यायलात तर इथल्या नळाला तोंड लावणार नाही. वॉर्डला हे सगळं तोंडपाठ झालं होतं.

मुलगा लाँचचं इंजिन सांभाळायचा. दर रविवारी यायचा आणि दर रविवारी पाणी आणायला विसरायचा. आजही खाडीच्या अलीकडच्या काठावर उतरल्यावर तो नळापाशी थांबला होता. बाटली ओतून टाकायची, इथलं भरायचं, तिला काय कळणार. पण हात पुढे झाला नाही.

शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त शिक्षिकेने चष्मा वर केला. "पेपरात आलंय, तुमच्याकडच्या विहिरी खाऱ्या झाल्यात म्हणून. तसं निघालं तर सगळ्यांना इकडे आणून वसवणार म्हणे. खरं का हो?"

मुलगा रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागला.

"पेपरवाल्यांना काय, रकाने भरायचे असतात," आई म्हणाली आणि तिने बाटली तोंडाला लावली.

पहिला घोट तिने तोंडातच धरला. मुलाला तिच्याकडे बघवेना. मग तो घोट खाली उतरला. तिने दुसरा घेतला, पहिल्यापेक्षा मोठा.

"कसं आहे?" शिक्षिकेने विचारलं.

"कसं असणार? आहे तसंच आहे."

"मग द्या की थोडं. तीन महिने नुसतं ऐकतेय." तिने पेला पुढे केला.

आईने झाकण घट्ट लावलं. "ते तिथे येऊनच प्यायचं असतं, बाई. बाहेरच्यांना बाटलीतून देत नाहीत. आमच्यात रीत आहे तशी."

अशी काही रीत नव्हती. तरी मुलाने 'हो' म्हणून मान हलवली.

थोड्या वेळाने शिक्षिकेला एक्स-रेसाठी चाकाच्या खुर्चीतून नेलं. ती लांब गेल्यावर आईने हळूच विचारलं, "कधीपासून?"

"तू इकडे आलीस त्याच महिन्यात. उधाणाचं पाणी वाळू ओलांडून आत आलं."

"मग पिता काय?"

"इथूनच नेतो. डिझेलच्या कॅनमधून, म्हणजे कुणाला संशय नको. कितीही धुतले तरी वास जात नाही. चहासुद्धा डिझेलचाच."

ती मांडी धरून हसली. मग तिने विचारलं, "कुणी उठून गेलं?"

"एक घर हललेलं नाही."

"मागचं दार उघडतोस ना रोज?"

"उघडतो."

"उघडत जा. समुद्र घरात ऐकू यायला हवा. इथे नुसता पंखा ऐकायचा." ती खिडकीकडे बघत होती. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती.

सिस्टर दुपारची गोळी घेऊन आली. बरोबर नळाच्या पाण्याचा काठोकाठ भरलेला ग्लास होता. ती पुढच्या खाटेकडे वळल्यावर आईने गोळी तोंडात टाकली आणि ग्लास मुलाच्या हातात दिला.

"तू पी," ती म्हणाली. "किती दिवसांत बिनडिझेलचं गोडं पाणी प्यायला नसशील."

आणि तिने बाटलीचं झाकण उघडलं.