फ्लॉवरचे तुरे

“गुळगुळीत काचेचा नको, फिरवायच्या बटणांचा एअर फ्रायर दाखवा,” शरयूताई दुकानदाराला म्हणाल्या. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली होती, आणि कढईतल्या तेलाने हात भाजल्यापासून मुलाने त्यांना गॅसपाशी जायला बंदी केली होती.

सुनेने दोन्ही बटणांवर टिकल्या चिकटवून दिल्या. महिनाभरात बोटांनी चाचपून तापमान आणि वेळ लावणं त्यांना जमलं. बटाटे, सुरण, भेंडी, सगळं कुरकुरीत होऊ लागलं. बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी त्यांच्याकडे खायला मागत होतं.

नातीच्या वाढदिवसाला त्यांनी फ्लॉवर केला. एकेक तुरा मिठाच्या पाण्यात बुडवून, बोटांनी उकलून तपासला. मैत्रिणींपुढे ताटली गेली आणि एक मुलगी किंचाळली, “शी! यात अळ्या आहेत!”

“असू दे आई, होतं असं कधीकधी,” सून हलकेच म्हणाली आणि ताटली उचलून घेऊन गेली.

शरयूताई भिंत धरत खोलीत गेल्या. डोळे गेले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या, कारण बोटांवर त्यांचा भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी नात म्हणाली, “आजी, बटाटे करतेस?”

“तुझ्या आईला सांग, बाळा.”