खिडकीतला पंखा

ही २०१७ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गोडादऱ्याला वत्सलाचे यजमान रघुनाथ घराच्या मागल्या खोलीत सागाची देवघरं करत. लाकडाची बारीक धूळ बाहेर जावी म्हणून खिडकीत पंखा बसवलेला. एकदा शेजारच्या हंसाबेन पापड वाळत घालताना हसून म्हणाल्या, "रघुभाई, यंदा पापडात मीठ कमी, साग जास्ती!"

त्या दिवसापासून पंखा बंद, खिडकीही बंद; काम मात्र त्याच खोलीत चालू.

"अहो, त्या गमतीनं म्हणाल्या," वत्सला म्हणाली.

"म्हणून काय शेजाऱ्याच्या ताटात धूळ घालायची?"

दोन वर्षांपूर्वी रघुनाथ छातीच्या दुखण्यानं गेले. वत्सला कामरेजला लेकीकडे असते. हंसाबेन अजून भेटायला येतात, डोळ्यांना पदर लावतात. "बिडीला कधी हात लावला नाही भाईंनी. छाती कशानं गेली हो?"

"वय झालं होतं," वत्सला दर खेपेला सांगते.