मैत्रीण

सह्या मागणाऱ्यांच्या गर्दीत मारिसोल दिसली आणि डेलनी गडबडली. व्यावसायिक फुटबॉल संघाकडून डेलनी आज पहिलाच सामना खेळली होती, आणि टेक्सासच्या शाळेतल्या संघातली तिची जुनी जोडीदार कठड्यापलीकडे उभी होती.

शाळेच्या संघात मारिसोलच सरस होती. विद्यापीठाच्या प्रशिक्षक बाई शिष्यवृत्तीसाठी एक मुलगी निवडायला आल्या, तेव्हा डेलनीने त्यांना हळूच सांगितलं, "मारिसोलचा गुडघा दुखावलाय. ती लपवतेय." ते खोटं नव्हतं, पण मारिसोलने ते विश्वासाने फक्त तिलाच सांगितलं होतं. शिष्यवृत्ती डेलनीला मिळाली आणि पुढचे सगळे दरवाजे उघडत गेले. मारिसोल त्याच शाळेत मुलींना फुटबॉल शिकवायला लागली.

आज सात वर्षांनी डेलनी कशीबशी म्हणाली, "मारी, त्या बाईंना तुझ्या गुडघ्याचं मीच…"

"माहितीये. त्यांनी मला त्याच संध्याकाळी विचारलं होतं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू येऊन सांगशील म्हणून थांबले. पहिलं वर्षभर तर रोज वाट पाहिली."

तेवढ्यात मारिसोलसोबत आलेल्या शाळेतल्या मुलींपैकी एक पुढे घुसली. "मिस, या तुमच्या मैत्रीण ना?"

मारिसोलने डेलनीकडे पाहिलं.

"आम्ही एका संघात खेळायचो," ती म्हणाली.

मुलीने सहीसाठी आपला टी-शर्ट पुढे केला. डेलनीने सही केली, पण मान काही तिला वर करवेना.