काचेच्या पेटीतला सिकंदर

“सिकंदर,” उशीवरून मान न उचलता बाळाची आई म्हणाली. “त्याचं नाव सिकंदर.”

बेकरीवाला बायकोच्या उशाशी उभा होता. भट्टीवरून तसाच उठून आला होता तो. हातांच्या केसांत अजून मैदा होता. त्याची थोरली बहीण, ताई, पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. बस आगारात लागल्याबरोबर कंडक्टरच्या गणवेशातच ती दवाखान्यात आली होती. नाव कानावर पडताच ती एक पाऊल पुढे आली.

“नावाची कसली घाई?” ती म्हणाली. “घरी तर येऊ दे त्याला. मग ठेवू सावकाश.”

“नाही ताई, आजच.”

“अगं, काचेच्या पेटीत ठेवलेला मूठभर जीव तो. आणि नाव जग जिंकायला निघालेल्या राजाचं? पेलायला नको त्याला?”

“ताई म्हणतेय ते खरं आहे,” बेकरीवाला पुटपुटला. ताईच्या शब्दाबाहेर तो आजवर कधी गेला नव्हता.

खोलीत दोनच पलंग. शेजारच्या पलंगावरच्या बाईचा नवरा शाळेत इतिहास शिकवायचा. बायकोला संत्रं सोलून देत तो इतका वेळ गुपचूप बसला होता, पण विषयच असा निघाला की त्याला राहवेना.

“नाव दणदणीत आहे हो,” तो म्हणाला. “फक्त एक आहे. तो राजा फार लवकर गेला. जेमतेम बत्तीस वर्षांचा होता.”

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मास्तरांच्या हातातली फोड हातातच राहिली. ताईने डोळे मिटून घेतले.

बाळाची आई मात्र हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदाच. टाके ताणले तसा तिने पोटावर हात धरला, पण हसू काही थांबेना.

“बत्तीस वर्षं? अहो मास्तर, आम्ही इथे उद्याची सकाळ मागतोय. बत्तीस वर्षं कुणी देत असेल, तर मी आत्ता पदर पसरते.”

मास्तरांनी संत्र्याच्या उरलेल्या सगळ्या फोडी उठून तिच्या उशाशी ठेवल्या आणि ते खाली मान घालून जागेवर जाऊन बसले.

ताईने स्टूल ओढलं. भावजयीच्या अगदी जवळ बसली.

“मागच्या खेपेला आपण नाव आधीच ठरवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “मूल गेलं. नाव तेवढं घरात राहिलं. अजून बसमध्ये एखादी बाई त्या नावाने पोराला हाक मारते, आणि तिकीट फाडता फाडता माझा हात थांबतो. पुन्हा नको गं ते.”

बाळाच्या आईने उशाशी ठेवलेली एक फोड उचलून ताईच्या हातात ठेवली. बेकरीवाल्याने पाठ फिरवली आणि उगाचच खिडकीची कडी काढली, घातली.

“सिस्टर सांगत होत्या,” बाळाची आई म्हणाली, “हा मधेच श्वास घ्यायला विसरतो म्हणे. मग त्या तळपायाला टिचकी मारतात आणि म्हणतात, ‘बाळा, श्वास घे.’ तिथे तीन पेट्या आहेत, ताई. तिघांनाही ‘बाळा’च म्हणतात. आपल्यालाच म्हणताहेत हे माझ्या पोराला कळायचं कसं?”

ताईने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

“मला उद्यापर्यंत उठू देणार नाहीत. कुणीतरी जा आणि त्याला त्याचं नाव सांगून या.”

बेकरीवाला दाराकडे निघाला. ताईने त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं.

“तू बस. मी जाते.”

पेट्यांची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. मूल झाल्यापासून ताईने दवाखान्याच्या चार खेपा घातल्या असतील, पण तिथल्या खिडकीच्या काचेपाशी ती एकदाही फिरकली नव्हती. कधी औषधं आणायची निघत, कधी डबा विसळायचा असे. आज काही सबब सापडली नाही.

मधल्या पेटीत तो होता. नाकात नळी, डोक्याला मोज्याएवढी टोपी, आणि टोपीतून निसटलेला एक कान. तो कान थेट भावाचा. लहानपणी तिने हजार वेळा पिळलेला.

तिने तोंड काचेजवळ नेलं. भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा तिचा आवाज, पण आज काचेवर नुसती वाफ उमटली. तिने घसा खाकरला.

“सिकंदर.”

आत काहीच हललं नाही.

“ए सिकंदर! श्वास घ्यायचा! विसरायचं नाही, सांगून ठेवते!”

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. खोलीचं दार खाडकन उघडलं आणि सिस्टर बाहेर आल्या.

“अहो बाई, ही काय बस आहे का?” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “सिकंदर नाव ठेवलंत होय? बरं. मग हळू बोला. महाराज आत्ताच दूध पिऊन झोपलेत.”

“नळीने?” ताईने विचारलं.

“चमच्याने. पहिल्यांदाच. तीन चमचे पोटात आणि चौथा माझ्या अंगावर.”

सिस्टरनी बाही पुढे करून दाखवली. मनगटापाशी दुधाचा ओला डाग होता. ताईने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि डाग डोळे भरून पाहिला.

“एवढ्यात धुऊ नका,” ती म्हणाली. “आधी त्याच्या आईला दाखवायला चला.”