आठवी कवळी

जतजवळच्या वृद्धाश्रमात मी दर महिन्याला म्हाताऱ्या माणसांचे दात तपासायला जाते. त्या दिवशी टँकर आला नव्हता, म्हणून पाणी वाचवायला नर्स संयोगितानं सातही जणांच्या कवळ्या एकाच परातीत धुतल्या. आता कुणाची कोणती, काही कळेना.

"अगं, नावं घातलेल्या डब्या कशाला दिल्यात मग?" मी चिडले.

एकेकाला घालून बघितल्या. थोडी अदलाबदल झाली आणि सातही जणांना आपापली कवळी मिळाली.

परातीत एक उरली.

"जुनी असंल कुणाची," म्हणत राजाराम आबांनी स्वतःची काढून ती घातली. "आवं, लय बेस बसली की!"

एकाची कवळी दुसऱ्याला कधी बसत नाही. मी ती काढून घेतली, तांब्यातल्या पाण्यानं धुतली. तोवर आक्काताईंनी हात पुढे केला. त्यांचा जबडा आबांच्या निम्मासुद्धा नाही. त्यांनाही ती चपखल बसली. मग रंगूबाईंना. मग सगळ्यांनाच.

दर वेळी परत हातात घेताना ती आधीपेक्षा गरम लागत होती.

"आता तुमी घाला, डॉक्टरीणबाई," रंगूबाई म्हणाल्या.

"मला कशाला? माझे दात आहेत की अजून!" मी हसले.

दुसरं कुणीच हसलं नाही. सातही जण माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

मी दातांवरून जीभ फिरवली. ती कुठेच अडली नाही.