दाराजवळची जागा

"चव्वेचाळीस सेकंद," हातातलं घड्याळ थांबवत गुलसारा म्हणाली. "म्हणजे छत केव्हाच खाली आलंय."

होशिम ओता अजून उंबऱ्यावर उभे राहून बुटात पाय घालत होते.

"छताला सांग," ते म्हणाले, "म्हातारा बूट घालतोय. जरा थांब म्हणावं."

अंगणात सगळे हसले. गुलसाराही हसली, पण वहीत तिने फुली मारली. त्यांची सून मुअत्तर तेवढी हसली नाही.

अंदिजानमध्ये जमीन हलते, हे कुणाला नव्याने सांगावं लागत नाही. गुलसारा मोहल्ल्यातर्फे भूकंपाची तालीम घ्यायला घरोघर फिरायची आणि बरोबर जेवणाच्या वेळी शिट्टी फुंकायची, कारण अख्खं घर एका छताखाली सापडायचं ते तेव्हाच. बाकी तयारीत मुअत्तरने बोट ठेवायला जागा ठेवली नव्हती. कपाट भिंतीला ठोकलेलं, पाण्याचे डबे भरलेले, कागदपत्रं आणि सुकवलेल्या जर्दाळूंची पिशवी खुंटीवर. अडत होतं ते बसण्यापाशी.

मानाची जागा दारापासून सगळ्यांत लांब, मागच्या भिंतीशी. त्या जागेला तोर म्हणतात. तिथे सासरे, म्हणजे होशिम ओता; ओता म्हणजे बाबा. मग सासूबाई, मग नवरा ओदिल, मग धाकटा दीर. आणि दाराशी, चहाची किटली घेऊन, सून. वडीलधारं माणूस उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मधे अंथरलेलं जेवणाचं कापड, दस्तरखान, ओलांडायचं नाही; त्यावर नान असते, आणि नानेला पाय लावणं पाप. ओता गुडघे धरून उठायचे, सगळ्यांच्या पाठीमागून भिंतीच्या कडेने वळसा घालत यायचे आणि तोवर घर मुकाट बसून राहायचं.

मुअत्तर दाराशी. एक पाऊल टाकलं की अंगण. पण तिची चार वर्षांची मोहिनूर जेवायची ती आजोबांच्या मांडीवर, मागच्या भिंतीशी. आणि त्या मांडीच्या वर, छतात, होते जुने वासे आणि वीतभर माती.

तिने आधी नवऱ्याला विचारून पाहिलं. ओदिल म्हणाला, बापाला दाराशी बसा म्हणू? भूकंपाच्या आधी मीच घराबाहेर पडेन. मग ती सासूबाईंकडे गेली. त्या मुळे किसत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं की पन्नास वर्षांत मी त्यांना उशी बदला म्हटलं नाही, आणि तू जागा बदला म्हणतेस. दाराशी कोण बसतं, ठाऊक आहे ना? सून बसते, नाहीतर मांजर.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ओता द्राक्षाच्या मांडवाखाली एकटे बसले होते. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला, पण रीतीप्रमाणे मागे सरली नाही. तिथेच उभी राहिली.

"ओता, मोहिनूर तुमच्यापाशी असते, मी दाराशी. मधे सगळं घर बसलेलं असतं. जमीन हलली तर मी कुणाच्या उठण्याची वाट बघणार नाही. दस्तरखानावरून चालत येईन."

म्हाताऱ्याने पेला खाली ठेवला.

"नानेवर पाय देऊन?"

"पाय देऊन."

त्यांनी पेला पुन्हा उचलला. मग चहा संपवला. दुसरा मागितला नाही.

त्या दुपारी जेवणं मांडली होती. ओता आत आले, मागच्या भिंतीशी गेले आणि आपली मखमली उशी काखेत मारली. सासूबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. ओता सावकाश चालत दाराशी आले, तिथे उशी टाकली, बसले आणि मोहिनूरला मांडीवर घेतलं.

"मी बसेन तिथे तोर," ते म्हणाले. "बघत काय बसलात? वाढा."

त्यांच्या शेजारी सासूबाई बसल्या, मग ओदिल, मग दीर. क्रम तोच राहिला, फक्त टोक बदललं. त्या दिवशी मुअत्तरला घास गोड लागला. मोहिनूरच्या डोक्यावर उघड्या दाराचं ऊन पडलं होतं.

नोव्हेंबर लागला, गारठा पडला आणि गुलसारा पुन्हा आली. शिट्टी वाजली.

ओता उठले. एका हातावर नात, दुसऱ्या हातात बूट, आणि एका पावलात अंगणात. त्यांच्या मागून सासूबाई खुंटीवरची पिशवी ओढत धावल्या, मग ओदिल, मग दीर. थंडी आत जाऊ नये म्हणून दिराने सवयीने दार ओढून घेतलं.

गुलसाराने ओतांकडे पाहिलं. "सगळे आले?"

ओतांनी अनवाणी पायांनी उभं राहून घरच्यांवरून अभिमानाने नजर फिरवली.

"सगळे."

पांढऱ्या दाढीच्या शब्दानंतर पुन्हा मोजायची पद्धत नाही. गुलसाराने घड्याळ थांबवलं.

"सोळा सेकंद, ओता. मोहल्ल्यात एवढं कुणाचंच नाही."

कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे टिपले. दिराने हातोडी मागवली आणि गुलसाराने आणलेली हिरवी पाटी फाटकावर ठोकली, 'सज्ज घर'. ओतांनी मोहिनूरला खांद्यावर बसवलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ही अक्कल माझी नाही. माझ्या सुनेची आहे. अख्ख्या अंदिजानात अशी सून दाखवा."

लग्नाला सात वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असा शब्द मुअत्तरने ऐकला नव्हता. तिचा ऊर भरून आला. छातीवर हात ठेवून ती तिथूनच वाकली. मागच्या भिंतीशी, किटली घेऊन, दस्तरखानाच्या पलीकडून, बंद दाराशेजारच्या खिडकीच्या काचेतून बाहेर बघत.