बुटका बाक

मावशींनी पोरीला उचललं, तेव्हा तिच्या छातीतून भोक पडलेल्या भात्यासारखा आवाज येत होता.

"बाई, हिचा दम्याचा पंप!"

"दप्तरात असेल," म्हणत बालवाडीच्या बाई वर्गाकडे धावल्या.

शाळा सुटली की पोरांना फाटकाबाहेरच्या बुटक्या बाकावर ओळीनं बसवायचं, आणि गाडी समोर आली की एकेक पोर आईबापाच्या हाती द्यायचं, ही शिस्त मावशींची. अकरा वर्षांत एक पोर इकडचं तिकडे झालं नव्हतं. मोठ्या बाईंनासुद्धा त्या सुनवायच्या, "तुम्ही ऑफिस सांभाळा, फाटक माझं आहे."

त्या बाकावर मावशी आज पहिल्यांदा बसल्या. पोरगी मांडीवर. बाईंनी पंप तोंडाला लावला. एकदा, दोनदा. श्वास काही मोकळा होईना.

आणि मावशींनाच ठसका लागला. फाटकापुढच्या गाडीचं बूड नेमकं बाकासमोर होतं. नळीतून गरम धूर फसफसत सरळ तोंडावर येत होता. डोळे चुरचुरले, जिभेवर कडवट चव आली. रोज बाकापासून चार हात लांब ताठ उभं राहून त्यांना हे कधी कळलंच नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं. सगळी पोरं पाय हलवत, तोंडं उघडी टाकून मजेत बसली होती.

"उठा रे! सगळे आत पळा!"

एकही उठलं नाही.

"गाडी आल्याशिवाय उठायचं नाही," शेवटचा चिमुरडा त्यांना समजावत म्हणाला. "तुम्हीच ओरडता ना?"

"बाई, हाताला धरून ओढा एकेकाला. आत न्या आणि फाटक लावून घ्या!" असं सांगून मावशी पोरीला खांद्यावर टाकून गाड्यांच्या रांगेच्या कडेनं धावत सुटल्या. पोरीच्या बापाची गाडी आठवी. काचा वर, इंजिन चालू, बाप फोनमध्ये. मावशींनी काचेवर थापा मारल्या.

काच चार बोटं खाली आली. आतून गार झुळूक आली.

"अहो मावशी, माझा नंबर यायचाय अजून," तो फोनवरून नजर न उचलता म्हणाला.

"नंबर गेला खड्ड्यात! आधी गाडी बंद करा. सगळ्यांनाच सांगते मी, बंद करा!"

"बंद कशी करू? आमच्या पोरीला धुराचा त्रास आहे ना. म्हणून तर अर्धा तास आधी येऊन गाडी गार करून ठेवतो रोज."

मावशींनी पोरीचं तोंड त्या फटीकडे वळवलं. ओठ निळसर पडले होते.

फोन त्याच्या हातातून खाली पडला. "बसा! बसा आत, दवाखाना गाठू!"

दार लागलं. त्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. मागच्यानंही दाबला, त्याच्या मागच्यानंही. पुढे सात गाड्या, मागे वळणापर्यंत रांग. फाटकावर पोरं द्यायला आता कुणी नव्हतं. एक गाडी हलत नव्हती, की बंद होत नव्हती.